दावं

दिवाळीला अकरा दिवस होते.
आदगोंडा मगदूम, दूध संस्थेचे सेक्रेटरी,
मोटरसायकलच्या मागं सुतळीनं बांधून आणलेलं
सरकी पेंडीचं पोतं टेबलावर ठेवून म्हणाले,
"बघा ताई, बोलंना झालाय."

पोत्यात कॅबिनेट. कॅबिनेटमध्ये पेंडीची धूळ,
पंख्याच्या पात्याला म्हशीचा एक काळा केस,
आणि कोपऱ्यात, चार स्क्रूंवर,
दहा वर्षांचं दूध.

उद्यमनगरात माझं दुकान म्हणजे
अण्णांच्या गाळ्याला मारलेलं प्लायवूडचं पार्टिशन.
तिकडं लेथ, कूलंटचा वास, बिडाचा कीस;
इकडं मी, सोल्डरची तार, कापूस.
करंट दिला. डिस्क फिरली.
टक्. टक्. टक्.
थांबली.

अण्णा पार्टिशनला वळसा घालून आले.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कला, मूठ कानाला.
अशीच त्यांनी ऑइल इंजिनं ऐकलीत, चाळीस वर्षं.
"बेरिंग झकास हाय. हात चुकतोय त्याचा.
जागा सापडंना, म्हणून परत परत घराकडं पळतोय."
कोर्सच्या सहा महिन्यांत
मला इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

मगदूमकाकांनी रॅमची पट्टी चिमटीत धरली.
"हिशेब ह्यात असंल की."
न्हाई काका. ते नुसतं माप.
दूध त्यातनं जातं, ऱ्हात न्हाई.
लाइट गेली, माप मोकळं.
"मग सॉफ्टवेअर कुठलं ह्यातलं?"
मी कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं,
जणू खरंच कुठं तरी बसलेलं असेल.
अण्णाच बोलले, लेथवर हात ठेवून:
"मशीन एकच. सकाळी शाफ्ट काढतो, दुपारी बुश.
काय काढायचं, ते मशीनला ठाऊक नसतंय."
काका हसले. मग जरा लवकरच थांबले.

रात्रभर मी डिस्कशेजारी.
निघंल तेवढं वाचायचं, अडलं की सोडून पुढं,
मग उलट्या अंगानं परत.
चुंबकाचे ठिपके, तोंड इकडं नाहीतर तिकडं,
त्यातनं हळूहळू लिटर, फॅट, एसएनएफ,
सकाळ, संध्याकाळ, म्हैस, गाय,
मुनाफ जमादार भाकड गाईचे तीन महिने कोरे.

पहाटे चारला एकाच महिन्याच्या दोन फाइली निघाल्या.
एक यादीतली. एक पुसलेली.
सभासद ११४, हौसाबाई कांबळे, म्हैस:
यादीत फॅट सहा पॉइंट एक,
पुसलेल्यात सहा पॉइंट आठ.
खाली ११५. ११९. १२७.
सगळे एकाच गल्लीतले.

काका सकाळी आले, स्क्रीनसमोर उभेच राहिले.
"ते तर पुसलेलं हुतं."
पुसलं म्हंजे, काका, यादीतनं नाव काढलं.
म्हैस गोठ्यात उभीच असते,
त्या दाव्याला दुसरी बांधेपर्यंत.
"आणि दुसरी बांधलीच न्हाई कुणी."
जागा लई मोकळी हुती डिस्कवर.

कुणी पुसलं, ते मी विचारलं नाही.
त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला,
घातला, पुन्हा काढला.
"किती फरक निघंल, मोजता येतंय?"
येतंय.
त्याला तेवढंच येतंय.

पेनड्राइव्ह मागितला. एक.
दारापर्यंत गेले. उंबऱ्याजवळचा बिडाचा कीस
चपलेखाली करकरला, तिथंच उभे राहिले,
आणि तोंड रस्त्याकडं ठेवूनच म्हणाले,
"दोन करा. एक हौसाबाईच्या नातीला द्यायचा.
बारावीला हाय पोरगी. तिला कळतंय."

पोतं माझ्याकडंच राहिलं.
बंद पडलेल्या डिस्का मी त्यात टाकते,
आणि हात घातला की अजून
पेंडीचा वास येतो.