मुदत अजून सुरू झालेली नाही

देओलिंदानं मला बोलावलं ते
मी डेअरीत दूध गार करणारी यंत्रं दुरुस्त करतो म्हणून.
वायर ती वायर, असं तिचं मत.
फ्लोरेस बेटावर एवढी पात्रता पुरते.

रविवार. चार वाजता टोरांटोहून मुलगा दिसायचा असतो
आणि तीन वाजून गेलेत.
लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर,
आजारी माणसाला उशी देऊन बसवावं तसा.
शेजारी माझ्यासाठी चीज, अजून न कापलेलं:
आधी काम.

राउटरचे चारही दिवे हिरवे.
केबल ओढून पाहिली, घट्ट.
सगळं बंद केलं, वीस आकडे मोजले, चालू केलं
(तीही मोजत होती मोठ्यानं, अठराला अडखळली).
पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर, एल्देरच्या अक्षरात.
तो सात की एक, यावर आम्ही दहा मिनिटं भांडलो.
सात होता.
वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या,
म्हणजे या टेबलापासून समुद्राखालच्या तारेपर्यंत सगळं ठीक,
आणि तरी प्रत्येक दार बंद.
घोडं नेमकं कुठं पेंड खातंय कळेना.

"धुकं उतरलं की असंच होतं," ती म्हणाली.
धुक्याचा काही संबंध नाही, मी म्हणालो,
जरा जास्तच जोरात,
कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग त्या पांढऱ्या पानावरची बारीक ओळ वाचली,
जी कुणीच वाचत नाही:
या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत
अजून सुरू झालेली नाही.

संपलेल्या मुदती मला ठाऊक आहेत,
दुधाच्या, पासपोर्टच्या.
सुरूच न झालेली पहिल्यांदा पाहिली.

खाली कोपऱ्यात घड्याळ:
एक जानेवारी २०१०, रात्रीचे बारा एक्केचाळीस.

आतली बटणाएवढी बॅटरी मेली होती.
मोठी तर केव्हाच गेलेली.
परवा वीज गेली तेव्हा लॅपटॉपला काळाचा विसर पडला
आणि तो आपला जन्मवर्षात जाऊन बसला.
आता जगभरातले सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवत होते:
तुझ्या तारखेला आम्ही अजून नाही.

मी हे समजावलं.
ती चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ आली.
"बारा एक्केचाळीस," ती म्हणाली,
"म्हणजे एल्देर बँडवाल्यांच्या हॉलमध्ये नाचतोय.
पहाटे येईल. बूट जिन्यात काढील.
दिवा राहू द्यायला हवा."

वर्ष बदलायला एक छोटा बाण असतो.
एका टिचकीला एक वर्ष.
अकरा.
बारा. "हळू," ती म्हणाली.
तेरा: विमानाचं तिकीट.
चौदा मी भराभर नेणार होतो,
त्या वर्षी मी तिकडून परत आलो,
का आलो ते बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.
पंधरा. सोळाला तिनं गाई विकल्या.
एकोणीसला वादळात बंदराचा धक्का गेला,
आणि तिनं खरंच टेबलाची कड धरली.
विसाला कुणी काही बोललं नाही.
पुढं जाताना माझा एक आकडा जास्त झाला,
क्षणभर आम्ही दोघं पुढच्या वर्षात होतो.
तिथं काही दिसलं नाही. मागे आलो.

चारला तीन मिनिटं कमी असताना एल्देर उगवला.
"आई, मी दिसतोय का?"
"दिसतोस. टक्कल पडलंय."
चीज कापलं गेलं.

नवी बॅटरी दोन युरोंची. मंगळवारी आणून दिली.
पाच स्क्रू, दहा मिनिटांचं काम.
"राहू दे सध्या," म्हणाली,
आणि साखरेच्या डब्यात टाकली.

त्यामुळे प्लग निघाला की ये रे माझ्या मागल्या.
पण मला आता बोलावत नाही.
रविवारी साडेतीनला तिच्या खिडकीवरून जाताना
पाठमोरी दिसते, बोट बाणावर टेकवलेली.
बहुतेक मोजत असते.

चौदाला ती थांबते की पुढं पळते,
एकदा विचारायचं आहे.