एक जून

औसा रोडला डाळमिलच्या ऑफिसवर आमची खोली.
चार खुर्च्या, एक इन्व्हर्टर,
खिडकीच्या गजांवर तुरीच्या फोलाची पिवळी धूळ.
कीबोर्ड उलटा करून झटकला
की सगळ्यात जास्त 'ळ'खालून निघते.

मी माणसं बनवते.
आज दुपारपर्यंत बारा झाली.
एकाचं वय शून्य, एकीचं एकशे एक्कावन्न,
एकाला आडनाव नाही, एकाच्या नावात तीन मोकळ्या जागा,
एक जण जन्माच्या आदल्या दिवशीच दवाखान्यात भरती.
ताप मीच देते, बेड मीच देते,
संध्याकाळी एका बटणात सगळ्यांना पुसते
आणि डबा धुऊन घरी जाते.

घरी विचारतात, नेमकं काय करतेस?
दुसऱ्याच्या कामात खोड काढते, मी सांगते.
आत्या म्हणाली, त्याचा पगार मिळतो व्हय?
आमच्या घरात तर समदे फुकटच करतेत.

वडिलांना मात्र लगेच कळलं. ते आडतीवर असतात.
पोत्यात बंबी खुपसायची, मूठभर सोयाबीन काढायचं,
एक दाणा दाताखाली,
आणि सांगायचं, बारा टक्के ओल.
"पर ध्यानात ठेव," म्हणाले,
"बंबी जिथं गेली तिथलंच बोलती.
बुडाला काय हाय ते पोत्यालाच ठावं."

हे वाक्य मी टेस्ट प्लॅनच्या पहिल्या पानावर घातलं.
पुण्याहून निनादनं परत पाठवलं,
शेजारी लाल अक्षरात : संदर्भ?

त्या मंगळवारी
चारशे बारा चाचण्या, चारशे बारा हिरव्या.
निनादनं अंगठा पाठवला.
मी निलंग्याची एसटी धरली,
केसपेपरच्या खिडकीमागं नुसती बसायला.

खिडकीत लोहारे. दोन बोटांनी टाइप करणारे.
प्रयागबाई मस्के. एक जून अठ्ठावन्न. एंटर.
मग खोकला, चहा, आणखी सात जण.
प्रयागबाई मस्के. एक जून अठ्ठावन्न. एंटर.

दुबार नोंद आढळली. एकत्र केली.

हिरव्या पट्टीवर, पांढऱ्या अक्षरात,
मीच तपासलेल्या शुद्धलेखनात.

दोघी एकाच बाकावर बसलेल्या.
एकीला साखर.
दुसरीला पेनिसिलिन चालत नाही,
एकदा मरता मरता वाचलेली.
दोघींच्या मध्ये एक काठी, ती कुणाची
ते आम्ही विचारतच नाही.

"ह्यात काय नवल म्याडम," लोहारे म्हणाले,
"शाळेत नाव घालताना हेडमास्तरनं
परत्येकाची तारीख आणावी कुठून?
आर्धा तालुका एक जूनलाच जलमलाय.
मी बी."
आणि दोन्ही कागदांवर शिसपेन्सिलीनं लिहिलं :
थोरली. धाकटी.
आमच्या साडेतीन महिन्यांच्या कामाला
पेन्सिलीनं लावलेलं हे ठिगळ.

निनाद फोनवर म्हणाला, तुझा डेटा चुकलाय,
इतके लोक एकाच दिवशी जन्मत नाहीत.
जन्मत नाहीत, मी म्हणाले. नोंदवले जातात.
मग बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज.

बग लिहिला. गंभीरता : सर्वोच्च.
पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या :
एक. कुठल्याही गावात जा.
दोन. नाव विचारा.
तीन. थांबा, त्याच नावाचं अजून कुणीतरी येईल.

रात्री जेवताना वडिलांना विचारलं,
तुमची खरी तारीख कोणती?
भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"करडीची काढणी चालू व्हती म्हणं.
आईचे हात काट्यानं सोललेले व्हते."

सकाळी तेरावा माणूस बनवला.
जन्मतारखेच्या रकान्यात लिहिलं :
करडीची काढणी.

अपेक्षित निकाल : प्रणाली नाकारेल.
प्रत्यक्ष निकाल : नाकारलं.

चाचणी पास.