टोकाकडून

गुंता सोडवायचा तो टोकाकडून.
मुळाकडून ओढलं की केस हातात येतो
आणि मानेवर टाचणीएवढं भोक उरतं,
कायमचं.

मी बेरिल. ग्रिम्सबीची, गोदीपासून चार गल्ल्या आत.
अठ्ठावीस वर्षं मासेमारीची जाळी विणली,
परसातल्या खुंटीला बांधून, उभ्यानं,
आधी घायपाताच्या दोराची, मग नायलॉनची.
नायलॉन आलं तेव्हा आम्ही बायका शिव्या घालायचो:
मेलं गाठ धरत नाही,
थंडीत बोटं कापतं.
आता तेच नायलॉन, केसासारखं बारीक, गुलाबी,
एका वीतभर घोडीच्या मानेवर.

लोक पाठवतात. बिस्किटांच्या डब्यांत,
एकदा तर लोकरीच्या मोज्यात घालून.
चाळीस वर्षं माळ्यावर पडलेल्या घोड्या.
भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी;
पाण्याचा चहा होतो.
कुणाच्या तरी बापाच्या सिगारेटी त्या.
तिसऱ्या पाण्याला ओशट वास जातो,
मग स्टीलचा कंगवा, टोकाकडून,
एका वेळी बोटाच्या पेराएवढंच.

सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात.
नायलॉनचं तसं नाही.
त्याचा पीळ गरम पाण्यानं जातो
आणि गरम पाण्यानंच येतो.
बट स्ट्रॉवर गुंडाळा, उकळीच्या जरा अलीकडे बुडवा,
लगेच गार पाण्यात.
क्षणभर जास्त झालं की आखडून काथ्या,
आणि काथ्याला औषध नाही.
मी दोन घोड्या अशा घालवल्यात.
खिडकीत ठेवल्यात, दिसाव्यात म्हणून.

ही पीटरहेडहून आली. इश्बेल बुकननं लिहिलं होतं:
कपाळावरची बट कापलेली आहे.
फिन्लेनं कापली की उंदरानं,
आमच्या घरात कधी ठरलं नाही.
फिन्ले आता विचारायला उरला नाही.
नवीन केस लावाल का, उरलेल्यांच्या रंगाचे?

उरलेला रंग म्हणजे उन्हानं विटलेला,
उकडलेल्या कोळंबीचा.
तीन दुकानांतून नमुने मागवले.
मग शेपटीकडे वळले.
शेपूट आतून लोखंडी चकतीनं धरलेली असते,
चकती गंजते, गंज केसांत उतरतो.
नेहमीचंच.

हिला चकतीच नव्हती.
शेपूट तांबड्या लोकरीनं बांधून परत कोंबलेली,
गाठीवर गाठ, गाठीवर गाठ,
मी सात मोजल्या.
आणि भोकातून चिमट्याला लागला
एक पुंजका.
इंचभर लांबीचे केस, एका बाजूनं तिरके कापलेले,
आणि गुलाबी, पण असे गुलाबी
की मी चष्मा काढून पुसला.

चाळीस वर्षं त्यांना ऊन लागलं नव्हतं.
घोडी मुळात या रंगाची होती
हे जगात फक्त तिच्या पोटाला ठाऊक.

उंदीर शेपूट उपसून पुरावा लपवत नाही.

ते केस परत लावता येत नाहीत, फार आखूड.
सुईत दुमडायला निदान चार बोटं लागतात.
कपाळावर नवी बट लावली, कोळंबीच्या रंगाची,
बाईनं मागितली तशी.
मग दोन दिवस ओट्यावर तो पुंजका, बशीत,
आणि मी चहा घेत त्याच्यासमोर.
कळवावं?
मेलेल्या माणसाची चोरी पकडून द्यावी?

शेवटी चिठ्ठीत एवढंच लिहिलं:
मूळचा रंग आत शाबूत आहे. मी तो आतच ठेवलाय.
शेपटीची लोकर सोडायची असेल
तर सावकाश सोडा.

पुंजका परत आत गेला.
लोकर तीच, शेपूट तीच.
राहिल्या फक्त गाठी.
शेवाळलेल्या दोराला, बर्फात, डोळे मिटून
मी कुठलीही गाठ मारलीय.
या सात काही मला जमेनात.
चौथी सैल पडते, पाचवी भलतीकडेच जाते,
पुन्हा सोडते, पुन्हा घालते.
उद्या सकाळी पोस्टमन येईल
आणि घोडी अजून
माझ्या मांडीवर पालथी आहे.