बेंबी

लाउशा गावच्या बुधवारच्या बाजारात
इर्महिल्डबाई काचेच्या गोट्या मांडून बसतात,
अंड्यांच्या पुठ्ठ्यात, खणाखणात एकेक.

लाइपझिगहून आलेला एक जण डोळ्याला भिंग लावतो.
"हिच्यात बुडबुडा आहे."
"आहे."
"आणि ही नीट गोल नाही."
"नाहीच. घरंगळताना डावीकडे वळते.
माझा नवराही तसाच चालायचा."

तो हसत नाही. गोटी फिरवतो.
एका टोकाला खरखरीत ठिपका, बोट तिथं अडतं.
"आणि हे काय?"

"बेंबी," बाई म्हणतात.
"तापल्या कांडीवरून ओटमारनं कात्रीनं तोडली ना,
नाळ कापली की खूण राहणारच.
तुम्हाला नाही का?"

शेजारी लोकरीचे मोजे विकणारी पोरगी फिस्सकन हसते.

"बिनबेंबीच्या हव्यात तर पेट्रोलपंपावर जा.
जाळीच्या पिशवीत पन्नास मिळतात,
सगळ्या सारख्या,
कुणाच्याच पोटच्या नसलेल्या."

तो बराच वेळ गप्प.
मग बुडबुड्याचीच उचलून उन्हात धरतो.
आत लाल-पांढरा पीळ,
वर चढता चढता एके जागी चुकलेला:
चाळीस वर्षांपूर्वीची एखादी शिंक,
किंवा दारातून कुणी हाक मारली असेल,
जेवायला ये म्हणून.

"केवढ्याला?"

बाई त्याच्या भिंगाकडे बघतात
आणि मघापेक्षा दोन युरो जास्त सांगतात.

डावीकडे वळणारी तेवढी
केव्हाच त्यांच्या एप्रनच्या खिशात गेलेली असते.