चौदा नंबरची पाहुणी

वर्षभर जिच्या कामाबद्दल एकही तक्रार आली नाही
तिला मॅनेजर एक दिवस पाहुणी करतात.
यंदा मी.
म्वानाईदी मकामे, खोल्या आणि धुलाई, सात वर्षं.

सकाळी सवयीनं मागच्या दाराशी गेले.
चौकीदार हरूब हसला : "आज पुढून, बाई."
मग सबंध भिंतीला वळसा, उन्हातून.
पाहुणं व्हायला इतकं चालावं लागतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या दारात तबक, तबकात गार पंचा, लवंगेचा वास.
पंचा काल मीच गुंडाळलेला.
त्याची शेवटची दुमड मला लगेच ओळखू आली,
शाळेच्या रांगेत आपलं पोर ओळखू यावं तशी.

खोली चौदा. पलंगावर टॉवेलचे दोन हंस,
माना एकमेकांना टेकवून.
सलमाच्या हातचे. डावा जरा कलंडलेला.
मी तो सोडवला, पुन्हा वळला,
मग आठवलं, पाहुणे हंस दुरुस्त करत नाहीत,
फोटो काढतात.
मी फोटो काढला.

आरामखुर्ची, वर झापांची छत्री.
शहाळं, शहाळ्यात नळी, नळीला कागदी लाल फूल.
आमच्या परसात आठ माड आहेत,
शहाळ्याला फूल लावायचं कुणाला सुचलं नाही.
वाढपी पोरगा नवा, पेंबाचा. मला ओळखत नाही.
"मादाम" म्हणताना इतका वाकतो
की त्याचं काही खाली पडलं असं वाटून
मीही खाली बघते.

पडून राहणं काही सोपं नाही.
डोळे मिटले की हात उठतात :
शेजारी वाळू सांडलीय, उशी उलटी आहे,
तिकडे कुणी अर्धा पपई तसाच टाकून गेलंय.
मी हात मांडीखाली घेऊन बसते.

शेजारची आजी, नाकावर पांढरं मलम, विचारते,
"तुम्ही कुठून आलात?"
मी बोट दाखवते : त्या आंब्याच्या पलीकडून.
"लांब आहे का?"
चालत नऊ मिनिटं.
ती खूप हसते. तिला वाटतं मी विनोदी आहे.

अकराच्या सुमारास पाणी उतरलं.
इथे ओहोटी लागते म्हणजे समुद्र उठून घरीच जातो.
मागे उरते ओली वाळू पार खडकाच्या रांगेपर्यंत,
हजारो खुंट्या, खुंट्यांना दोऱ्या,
दोऱ्यांना लटकलेलं शेवाळ,
आणि वाकलेल्या बाया.
डावीकडून तिसरी, जांभळ्या खांग्यातली, माझी आई.

सात वर्षं हे मी काचा पुसताना पाहिलं, उभ्यानं,
तुकड्यातुकड्यानं.
आडवं पडून पाहिलं की आई फार लहान दिसते,
बाहुलीएवढी, आणि तिची पाठ
एकदाही सरळ होत नाही.
"किती सुंदर!" आजी म्हणाली.
होतंच सुंदर. त्याला मी काय करू?

मी उठणार होते. चप्पलही शोधली.
पण काल रात्री भात निवडताना ती म्हणाली होती,
"उद्या मी तुझ्या समोरच्या दोऱ्या धरणार आहे.
झुहुराशी ओळ बदलून घेतलीय.
उठू नकोस हं. हलू नकोस फार.
बायांना दाखवायचीय तू."

म्हणून हलले नाही.
ती मान वर करी, शेजारणीला काही सांगे,
दोघी इकडे बघत.
मी पाय लांब केले. शहाळं उंच धरलं.
जन्मात इतक्या नेटानं आराम केला नव्हता.

मग खरंच झोप लागली.
जागी झाले तेव्हा पाणी पायऱ्यांशी होतं,
खुंट्या बुडालेल्या, बाया गेलेल्या,
आणि कुणीतरी माझ्या अंगावर पंचा टाकून गेलेलं,
वाईट घडी घालून.

संध्याकाळी मागच्या दारानंच निघाले, जवळ पडतं.
आई चुलीपाशी, बोटं मिठानं चिरलेली.
"कसं होतं?"
"वारा फार," मी म्हटलं.
कागदी फूल तिनं उलटंपालटं करून पाहिलं,
आणि रॉकेलच्या बाटलीला
बूच नव्हतं,
तिथे खोचलं.