हक्कसोड

वैजूच्या भाषेत माझा-माझी-माझं नव्हतं.
वस्तू बाई की बुवा, हे विचारायचंच नाही, म्हणायची.
विचारायचं फक्त, किती दिवस?

नेहरूनगरच्या क्वार्टरात, दोनशेपानी वहीत
तिनं तक्ता आखला होता.
लुमी, म्हणजे जे काढून ठेवता येत नाही:
लुमी दात, लुमी नाव, लुमी डावखुरेपण
(मास्तरांनी पट्टी मारली तरी लुमीच).
ओशी, म्हणजे तूर्तास माझं:
ओशी कंपास, ओशी खिडकीजवळची जागा,
ओशी ताप.
आणि थाक.

थाक तिला अण्णांवरून सुचला.
अण्णा प्रेसमध्ये. दिवसभर हाताखालून
कोऱ्या नोटांच्या चळती,
भोंगा झाला की गेटवर झडती.
घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायचे
आणि महिनाअखेरीस वाण्याच्या वहीत
आईच्या नावापुढे आकडा वाढायचा.
थाक: हातात आहे, आपलं नाही.

'आमचं' आणि 'आपलं' मात्र तिनं
मराठीतून जसंच्या तसं उचललं.
याहून बरं मला जमणार नाही, म्हणाली.

मी ती भाषा सातवीत सोडली. पोरं हसायची.
तिनं कधी सोडली, विचारायचं राहिलं.

परवा जेलरोडच्या फ्लॅटचे कागद घेऊन
सातपूरला गेलो तिच्याकडे.
अण्णांच्या फंडातला फ्लॅट, दीड खोली,
गॅलरीत तिनंच लावलेली कोरफड.
वकिलानं व्यवस्थित टाइप केलं होतं:
राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय,
माझा, माझी, माझे जे काही असेल ते.
तिन्ही लिंगं! वैजू तेवढ्यावर हसली.
चहा टाकला. चष्मा फ्रिजवर सापडला.
मग डाव्या हातानं, पानापानावर,
शाई पुसली जाऊ नये म्हणून मनगट उचलून धरत
सह्या केल्या.
मोबदला या शब्दासमोर निरंक.
जाताना डब्यात चिवडा दिला. डबा परत आण, म्हणाली.

बिटको चौकात सिग्नल लागला म्हणून फाइल उघडली.
शेवटच्या पानावर, माझ्या नावाच्या अलीकडे,
पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
थाक.

मागचे हॉर्न वाजवत राहिले.

उद्या अकराला निबंधकाकडे वेळ आहे.
कागद स्वच्छ हवा, खाडाखोड चालत नाही.
मुलीच्या कंपासमध्ये खोडरबर आहे, मघाशी पाहिला.
मागितला तर ती विचारेल,
परत कधी देणार?