अकरा चौकटी

बेनोड्याच्या पॅकिंग शेडात रद्दी किलोनं यायची,
नागपूरवरून, सुतळीनं आवळलेली.
आई संत्री निवडायची: मोठा दाणा, बारका, चुरा.
मी क्रेटच्या तळाशी कागद अंथरायची.
मृग बहार लागला की शाळा बंद व्हायची,
माझी. बाकीच्यांची नाही.

त्या रद्दीत ती सापडली.
कव्हर गेलेलं, शेवटची पानंही,
पहिल्या पानावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल.
सगळं इंग्रजी. मला सातवीपुरतं यायचं,
म्हणजे गाय, आणि माझी शाळा.

नायक गोरा, झगा वाऱ्यावर,
हनुवटी अशी की तिच्यावर नारळ फोडावा.
आणि त्याच्या मागं, लांब, शिडीवर
एक सावळी पोरगी. संत्री तोडत होती.
मी पान डोळ्याजवळ नेलं. बागच होती.
तिथंही झोळी गळ्यात अडकवूनच तोडतात.
तिथंही मुकादम सावली धरून उभा.

नाव रोसाल्बा. तिची आई हाक मारते म्हणून कळलं,
दुसरं कुणी मारतच नाही.
तिची शक्ती चित्रांवरून उमगायला मला चार दिवस लागले:
एकदा जे वजन तिनं उचललं
ते पुन्हा तिला कधी जड होत नसे.

ज्याला हे सुचलं
त्याच्या घरी कुणीतरी हमाली केली असणार.

एका चौकटीत तिची आई बादली पुढं करते
आणि फुग्यात एकच शब्द, तिरक्या अक्षरांत.
मी जुळवून वाचला: अगुआ.
रविवारच्या बाजारात टेकाडे सर भेटले,
त्यांनी घरी जाऊन डिक्शनरी पाहिली.
"असा शब्दच नाही बापा. छपाईची चूक असंन."

मी काही बोलले नाही.
आमच्या घरी पाण्याला डा म्हणतात.
तोही त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता
आणि आम्ही रोज पीत होतो.

पुढं त्या गावची पाण्याची टाकी कलंडते.
झगेवाला खाली घुसतो, गुडघे टेकतो,
दातओठ खातो, दोन पूर्ण पानं.
मग ती शिडीवरून उतरते,
बाह्या वर सारते,
टाकी डोक्यावर घेते. चुंबळसुद्धा नाही.
पाणी तर ती सहा वर्षांची असल्यापासून वाहत होती.

पुढच्या पानावर टाळ्या, हार, फोटो. त्याला.
चौकटीच्या डाव्या कडेला एक कोपर,
कोपरावर काट्याचा ओरखडा.
शिडीवरच्या चित्रातही तोच होता,
मी दोनदा पडताळून पाहिलं.

एकूण चौकटी एकशे बासष्ट. तिच्या अकरा.
कोपर सोडलं तर दहा.
मी सोडत नाही.

हंगाम सरता सरता रद्दी कमी पडली.
बांगलादेशचा ट्रक भरायचा होता.
दिवाणजी म्हणाला, "ए पोट्टे, थे चित्राचं पुस्तक आन इकडं."
मी एकेक पान फाडून देत गेले,
हनुवटीपासून सुरुवात केली.
टाकीचं पान फ्रॉकच्या आत ठेवलं.
कोपराचं गेलं.
दोन पानं रसानं चिकटली होती, घाईत दिसलं नाही.

आता मी धारणीकडं आश्रमशाळेत पहिलीला शिकवते.
फळ्यावर बादली काढते, विचारते, हे काय?
पाठ झालेली पोरं ओरडतात, "पाणी!"
मागच्या रांगेतली फुलवंती कासदेकर
स्वतःच्या गुडघ्याला सांगितल्यासारखं म्हणते, "डा."
मी दोन्ही लिहिते.
खडू उरलाच असतो हातात, तर खाली तिसरा.

"मॅडम, अगुआ कोनाचं?"
आपल्यातलीच आहे एक, मी सांगते. संत्री तोडते.
"कुठी राह्यते?"
थोडी माझ्याजवळ, ट्रंकेत.
थोडी बांगलादेशला गेली.